हार्ड नॉक्स : नव्वदातले त्रेपन्न

चौथा_डाऊन :

दर ऑगस्टात 'हार्ड नॉक्स' या टीव्ही मालिकेवर चर्चा होते ती कोणत्या कोचने किती शिव्या हासडल्या आणि कोणत्या नवख्याने सगळ्या संघासमोर उभं राहून कोणतं गाणं म्हटलं, याचीच. हा धागा त्यापुढे जाण्यासाठी आहे. कॅम्पमध्ये नेमकं काय चालतं, त्यातलं पडद्यावर किती येतं आणि आपण बघताना कुठे फसतो, यावर लिहा.

नवीन येणाऱ्यांसाठी थोडक्यात. विषय अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा. एखाद्या संघाच्या हंगामाआधीच्या सराव शिबिराची, म्हणजे कॅम्पची, ही वृत्तमालिका एचबीओ आणि एनएफएल फिल्म्स मिळून करतात. पहिलं पर्व २००१ चं, तेव्हाच्या विजेत्या बाल्टिमोर रेव्हन्सचं. २००२ मध्ये डॅलस, मग मोठा खंड, २००७ पासून पुन्हा सुरू. २०११ मध्ये लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या वादातली टाळेबंदी) पर्व झालं नाही. निवेदन लीव श्रायबर यांचं, अपवाद २००७ च्या कॅन्सस सिटी पर्वाचा, तिथे पॉल रड होते. साधारण पाच भाग, मंगळवारी रात्री.

माझ्या मते या मालिकेचा जीव एका आकड्यात आहे. कॅम्प सुरू होतो तेव्हा संघात ९० जण असतात, हंगामाला ५३ उरतात. मोठ्या खेळाडूंची जागा आधीच पक्की असते. ज्यांच्यासाठी कॅमेरा खरा लागतो ते संघाच्या पसंतीक्रमात ४५ ते ६५ या क्रमांकांमधले वीसेक जण. ज्या पर्वाने या वीस जणांना वेळ दिला ते पर्व चांगलं, ज्याने तारांकितांच्या मागे धावण्यात भाग घालवले ते फिकं. २०२२ चं डेट्रॉइट लायन्स पहिल्या गटातलं, २०२३ चं जेट्स दुसऱ्या.

मिशिगनकर :

लायन्सबद्दल पूर्ण सहमत. मुख्य कोच डॅन कॅम्पबेलची भाषणं सगळ्यांना पाठ आहेत, पण त्या पर्वाचं सोनं पोझिशन कोचेसच्या, म्हणजे एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणाऱ्यांच्या, खोल्यांमध्ये आहे. माल्कम रॉड्रिगेझ हा ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला), ड्राफ्टच्या, म्हणजे नवख्यांच्या निवडीच्या, सहाव्या फेरीत घेतलेला. उंची कमी म्हणून मागे पडलेला. लाइनबॅकर कोच केल्विन शेपर्ड त्याच्यासाठी आवाज चढवतो तेव्हा लक्ष द्या : तारीफ वेगाची नाही, ताकदीचीही नाही. समोरचा गार्ड (चढाईच्या लाइनमधला अडवणारा) कोणत्या दिशेने पहिलं पाऊल टाकतो ते वाचून हा पोरगा चेंडू घेऊन धावणारा यायच्या आत जागेवर पोचतो, याची आहे. लाइनबॅकरचं अर्धं काम तेच. एक पाऊल उशीर झाला की समोर दीडशे किलोचा माणूस उभा ठाकतो आणि मग उंची-वजन आड येतं. लवकर पोचलात तर तो प्रश्नच येत नाही. रॉड्रिगेझ त्या वर्षी सुरुवातीच्या अकरांत खेळला.

आणि त्या खोल्यांमधली माणसं पुढे कुठे गेली ते बघा. एरन ग्लेन जेट्सचा मुख्य कोच, बेन जॉन्सन बेअर्सचा मुख्य कोच, शेपर्ड स्वतः लायन्सचा डिफेन्स (बचाव) समन्वयक, तिघंही २०२५ मध्ये. त्यामुळे ते पर्व आज पुन्हा बघताना जास्त कळतं.

उजवा_टॅकल :

बघताना फसतो म्हणालात म्हणून ड्रिलपासून सुरुवात करतो. कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात.

मालिकेत वन-ऑन-वन पास रशची दृश्यं भरपूर असतात. एक ऑफेन्सिव्ह लाइनमन (चढाईच्या पुढच्या फळीतला अडवणारा), समोर त्याला चुकवून धावून येणारा एक रशर, मागे क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) जागी कोणी तरी किंवा नुसता बाहुला. रशर तीन सेकंदांत सुटतो, सगळे ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी चाहते लिहितात की अमुक टॅकल (लाइनच्या टोकाचा अडवणारा) संपला. या ड्रिलची रचनाच रशरच्या बाजूने आहे. शेजारी गार्ड नाही, मदतीला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) नाही, धावण्याचा खेळ येऊ शकतो ही भीती नाही, आत-बाहेर सगळं मैदान मोकळं. सामन्यात रशरला आधी धाव थांबवायची असते, इथे तो बिनधास्त कान पाडून सुटतो. दहापैकी पाचदा टॅकल टिकला तर कोच समाधानी असतो.

मग कोच बघतो काय? पहिली किक, म्हणजे मागे सरकतानाचं बाहेरच्या पायाचं पहिलं पाऊल, किती खोल आणि कोणत्या कोनात पडतं. हात लवकर फेकतो का. हात लवकर गेले की रशर ते खाली झटकतो आणि छाती उघडी पडते. कंबर वाकते की गुडघे? कंबर वाकली की तोल पुढे, आणि बुल रश (सरळ छातीवर ढकलत येणारा हल्ला) आला की माणूस उचलला जातो. हे सगळं स्लो मोशनमध्ये दिसतं, फक्त संगीत आणि आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करून पायांकडे बघायचं.

रिसीव्हर (पास पकडणारा) विरुद्ध कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) यांचं वन-ऑन-वन अगदी उलट. तिथे रचना रिसीव्हरच्या बाजूने. पास रश नाही, त्यामुळे क्वार्टरबॅकला हवा तितका वेळ. मधे सेफ्टीची (सगळ्यात मागे राखणाऱ्या बचावपटूची) मदत नाही. प्रत्येक कॅम्पमध्ये कोणी तरी पाचवा रिसीव्हर असा चमकतो आणि प्रीसीझनमध्ये (हंगामाआधीच्या सराव सामन्यांत) गायब होतो. कारण सामन्यात चेंडू सरासरी अडीच-पावणेतीन सेकंदांत सुटतो, आणि त्याची दुहेरी हूल त्यापेक्षा जास्त वेळ खाते.

लांबस्नॅपर :

उजवा_टॅकल यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवावा असा.

त्यात सेव्हन-ऑन-सेव्हनही जोडा. लाइन नाही, रश नाही, म्हणजे क्वार्टरबॅक चार सेकंद उभा. तिथली आकडेवारी घेऊन कोणाला पहिला क्वार्टरबॅक ठरवू नका. खरा कस इलेव्हन-ऑन-इलेव्हनचा, त्यातही तिसऱ्या डाऊनच्या (चार प्रयत्नांपैकी तिसरा) आणि रेड झोनच्या (गोल रेषेआधीचे शेवटचे वीस यार्ड) सत्रांचा. क्वार्टरबॅकच्या अंगावर लाल जर्सी असते, त्याला हात लावायचा नाही, त्यामुळे 'इथे सॅक झाला असता', म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला असता, हे पंच किंवा कोच ठरवतो. मालिकेत ती शिट्टी बऱ्याचदा कापलेली असते आणि पूर्ण झालेला पास तेवढा दिसतो.

नवखी_प्रेक्षक :

खूप माहितीपूर्ण. एक शंका. प्रत्येक पर्वात 'आज पहिल्यांदा पॅड्स' असा दिवस येतो आणि जणू सणच असल्यासारखं वातावरण असतं. तोवर इतके दिवस काय करत असतात?

उजवा_टॅकल :

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या कराराने ते ठरतं. सुरुवातीचे काही दिवस शरीर सरावण्यासाठी : हेल्मेट घालून, पॅडविना, धक्काबुक्की नाही. त्यानंतरच पॅड्स. आणि पॅडचे दिवसही मोजके. दिवसातून दोनदा पूर्ण पॅडमध्ये सराव हा प्रकार २०११ च्या करारानंतर बंद झाला, म्हणून २००१-०२ ची पर्वं आणि आताची पर्वं यांत खेळाडूंच्या अंगावरचा थकवा वेगळा दिसतो. ओक्लाहोमा ड्रिल, म्हणजे अरुंद पट्ट्यात दोघांनी समोरासमोर धडकायचं, ते लीगने २०१९ मध्ये काढून टाकलं. २०२२ च्या पर्वात हेल्मेटवर फुगीर मऊ टोप्या दिसतात त्या गार्डियन कॅप. त्याच वर्षी लाइनमन, टाइट एंड आणि लाइनबॅकर यांना कॅम्पमध्ये सक्तीच्या झाल्या, पुढे आणखी पोझिशन्सना लागू झाल्या.

पॅडच्या दिवसाला सण का? कारण लाइनच्या माणसांचं मूल्यमापन त्या दिवशी सुरू होतं. पॅडविना धक्का देता येत नाही, म्हणजे गार्ड आणि डिफेन्सिव्ह टॅकल यांचं निम्मं कौशल्य झाकलेलंच. मेपासून 'भारी दिसतोय' म्हणून गाजलेले कित्येक जण पहिल्या पॅड सत्रात मागे ढकलले जातात, आणि शांत राहिलेला एखादा अचानक वर येतो. कोच त्या संध्याकाळी डेप्थ चार्ट (प्रत्येक जागेचा पसंतीक्रम) हलवतात.

पंटवेडा :

आता माझा आवडता विषय, स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्या. मालिका यावर अन्याय करते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ५३ पैकी शेवटच्या आठ-दहा जागा तिथेच ठरतात.

हिशेब मांडू. साधारण संघ असा असतो : क्वार्टरबॅक २, रनिंग बॅक ४, रिसीव्हर ६, टाइट एंड ३, ऑफेन्सिव्ह लाइन ९, डिफेन्सिव्ह लाइन ९, लाइनबॅकर ७, कॉर्नर आणि सेफ्टी मिळून १०, आणि किकर, पंटर, लाँग स्नॅपर असे ३. झाले ५३. संघागणिक एक-दोन इकडेतिकडे. आता पाचवा-सहावा रिसीव्हर, चौथा रनिंग बॅक, पाचवा ते सातवा लाइनबॅकर, शेवटचे चार कॉर्नर-सेफ्टी : हे ऑफेन्स (चढाई) किंवा डिफेन्समध्ये सामन्याला जेमतेम पाच-दहा स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव) खेळतात. मग जागा कशाच्या जोरावर? किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), किकऑफ रिटर्न (ती परतवणं), पंट (चेंडूचा ताबा सोडताना दूर मारलेली किक), पंट रिटर्न. या चारही तुकड्यांत जो खेळू शकतो त्याला कोच सोडत नाहीत. सहावा रिसीव्हर हात कितीही मऊ असले तरी गनर म्हणून धावू शकत नसेल तर गेला.

गनर म्हणजे पंटच्या वेळी अगदी कडेला उभा राहून सगळ्यात आधी परतवणाऱ्यापर्यंत पोचणारा. चांगला पंट साडेचार सेकंद हवेत असतो. तेवढ्या वेळात त्याला चाळीसेक यार्ड पार करायचे, तेही समोर दोघे अडवायला असताना. कोच बघतात ते तीन गोष्टी : सुरुवातीला अडवणाऱ्याच्या हातातून किती लवकर सुटतो, सुटल्यावर कडेच्या रेषेबाहेर ढकलला जातो का, आणि शेवटी वेग कमी करून तोल सांभाळतो का. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. पूर्ण वेगात आलेला नवखा परतवणाऱ्याच्या बाजूने सुसाट निघून जातो आणि मागे वीस यार्डांची वाट मोकळी. प्रीसीझनमध्ये असं दोनदा झालं की नाव यादीतून गेलंच म्हणून समजा.

२०२४ पासून किकऑफ बदलला, त्याने तर या खालच्या फळीचं गणितच बदललं. किकर आपल्या ३५ यार्डांच्या रेषेवरून मारतो, पण त्याचे बाकीचे दहा जण समोरच्यांच्या ४० वर उभे. त्यांच्यापुढे पाच यार्डांवर, ३० ते ३५ च्या पट्ट्यात, अडवणारे. चेंडू जमिनीला किंवा हाताला लागेपर्यंत कोणी हलायचं नाही. गोल रेषा ते २० हा उतरण्याचा पट्टा; त्याच्या अलीकडे पडला तर चेंडू थेट ४० वर. हवेतून एंड झोनमध्ये (गोल रेषेपलीकडे) गेला तर २०२४ मध्ये ३० वर, २०२५ पासून ३५ वर. परिणाम? पूर्वी चाळीस यार्ड धावून वेड्यासारखा धडकणारा माणूस लागायचा. आता धाव आखूड, म्हणून जागच्या जागी हात वापरून ब्लॉक सोडवणारे लाइनबॅकर, टाइट एंड आणि मोठ्या अंगाचे सेफ्टी यांना भाव आला. २०२४ चं शिकागो बेअर्स पर्व नेमकं या बदलाच्या पहिल्या उन्हाळ्यातलं होतं. पाच भागांत यावर एक अख्खा भाग व्हायला हवा होता. झाला तो केलेब विल्यम्सवर.

मिशिगनकर :

केलेब पहिल्या क्रमांकाने निवडलेला क्वार्टरबॅक. त्याच्यावर कॅमेरा राहणारच ना.

पंटवेडा :

राहावा, नक्की राहावा. पण त्याची जागा जुलैपूर्वीच पक्की होती. कॅम्पमध्ये त्याच्या बाबतीत काहीच ठरायचं नव्हतं, म्हणून ती दृश्यं सपक झाली. त्याच संघाने चौथ्या फेरीत टोरी टेलर हा ऑस्ट्रेलियन पंटर घेतला होता. पंटरसाठी चौथी फेरी म्हणजे मोठी गुंतवणूक. चेंडूचं टोक कसं धरतो, कोपऱ्यात मरणारा पंट मारताना चेंडू किती आडवा सोडतो, हे जवळून दाखवलं असतं तर दहा मिनिटं जागचं हललो नसतो.

लांबस्नॅपर :

माझ्या नावाला जागून दोन ओळी. ५३ मध्ये एक जण फक्त चेंडू मागे फेकण्यासाठी असतो आणि या मालिकेत तो बहुधा विनोदासाठी येतो. पंटचा स्नॅप साधारण १५ यार्ड, पाऊण सेकंदात पंटरच्या उजव्या कंबरेशी पोचायला हवा. स्नॅपपासून पाय लागेपर्यंत एकूण दोन सेकंदांच्या आसपास. त्यावर गेलं की ब्लॉक. फील्ड गोलला (खांबांमधून गुणांसाठी मारायची किक) सात-आठ यार्ड, आणि सगळं मिळून सव्वा ते एक पूर्णांक तीन सेकंद. त्यात स्नॅपर चेंडूचे फेरे असे मोजून टाकतो की होल्डरच्या (किकसाठी चेंडू धरून ठेवणाऱ्याच्या) हातात येताना शिवण पुढच्या बाजूला, गोलाकडे यावी. शिवण किकरकडे राहिली की होल्डरला चेंडू फिरवावा लागतो, तेवढ्यात लय तुटते आणि किक चुकते. दोष मात्र किकरच्या नावावर. कॅम्पमध्ये किकरची स्पर्धा दाखवतात तेव्हा हे बघत चला.

न्यूजर्सीकर :

धागा छान रंगलाय. जरा वेगळी बाजू मांडतो : २०१८ चं क्लीव्हलँड ब्राउन्स हे मला लायन्सपेक्षा वरचं वाटतं. लायन्सच्या पर्वात सगळे एका दिशेने ओढत होते. ब्राउन्सच्या पर्वात, आदल्या वर्षी ०-१६ हरलेल्या संघात, मुख्य कोच ह्यू जॅक्सन आणि ऑफेन्स समन्वयक टॉड हेली एकाच टेबलावर बसून खेळाडूंना विश्रांती द्यावी की नाही यावर उघड भांडतात. हेलीचं म्हणणं, इथली सवय बदलायची तर सराव चुकवून चालणार नाही. जॅक्सनचं म्हणणं, सप्टेंबरला माणसं धडधाकट हवीत आणि निर्णय माझा. बाकीचे कोच खाली मान घालून बसलेले. कोणत्याही संघाचं आतलं दुखणं इतक्या स्पष्टपणे पुन्हा दिसलेलं नाही. २९ ऑक्टोबरला दोघांनाही एकाच दिवशी काढलं.

उजवा_टॅकल :

तो प्रसंग शास्त्राच्या अंगानेही बघण्यासारखा आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जातो तो केवळ जास्त पळण्याने नव्हे, तर पूर्ण वेगाने पळण्याचं प्रमाण एकदम वाढलं की. चार दिवस आराम दिलेला रिसीव्हर पाचव्या दिवशी पूर्ण सत्र खेळला की तिथेच धोका. म्हणून नुसती सुट्टी देणं हा उपाय नाही, आणि रोज सगळं करायला लावणं हाही नाही. पाठीवरच्या जीपीएसने प्रत्येकाची वेगवान धाव मोजतात आणि ती पायरीपायरीने चढवतात. त्या खोलीत हा आकडा कोणीच काढला नाही, सगळा वाद संस्कृती आणि अधिकार यावर गेला. मला सगळ्यात खटकलं ते हे.

त्याच पर्वात जार्व्हिस लँड्री रिसीव्हर्सच्या खोलीत, दुखणं फार नसताना सराव चुकवणाऱ्यांवर बरसतो. भाषण जबरदस्त. पण हॅमस्ट्रिंग ओढलेल्या माणसाला भाषणाने बरं करता येत नाही.

चौथा_डाऊन :

न्यूजर्सीकर, तुमच्या ब्राउन्समधलाच कार्ल नसीब घ्या. चक्रवाढ व्याज फळ्यावर समजावून सांगणारा तो डिफेन्सिव्ह एंड. मालिकेचा आवडता चेहरा झाला, आणि हंगामाच्या तोंडावर ब्राउन्सने त्याला सोडलं. टॅम्पा बेने लगेच वेव्हरवर उचललं. २०१० च्या जेट्स पर्वातला रनिंग बॅक डॅनी वुडहेड तसाच : सोडला, न्यू इंग्लंडने घेतला, आणि त्याच डिसेंबरात ४५-३ च्या सामन्यात जेट्सविरुद्धच त्याने पास पकडून १०४ यार्ड मिळवले. मालिकेत मिळालेलं प्रेम संघाच्या यादीत जागा देत नाही.

नवखी_प्रेक्षक :

वेव्हर म्हणजे नक्की काय? शेवटच्या भागात 'कट' म्हणतात, मग पुढच्या आठवड्यात तोच खेळाडू त्याच संघाच्या सरावात दिसतो. माझा तिथे गोंधळ होतो.

बुधवार_सकाळ :

इथेच बहुतेकांचा होतो. नीट क्रमाने सांगतो.

ज्याची चार हंगामांची सेवा पूर्ण झाली आहे तो सुटला की मोकळा. कोणाशीही करार करू शकतो. चारपेक्षा कमी असेल तर तो आधी वेव्हरवर जातो. बाकीच्या ३१ संघांना दुसऱ्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या दुपारी बारापर्यंत दावा करता येतो. दोघांनी दावा केला तर आदल्या हंगामात ज्याची कामगिरी जास्त वाईट त्याला मिळतो. हा क्रम तिसऱ्या आठवड्यापर्यंत आदल्या ड्राफ्टप्रमाणेच चालतो. एकदा दावा केला म्हणून संघ रांगेत मागे जात नाही, त्यामुळे तळाचा संघ एकाच दुपारी चार-पाच जण उचलू शकतो. दावा करणाऱ्याला त्याला आपल्या ५३ मध्ये ठेवावं लागतं, म्हणजे स्वतःचा एक सोडावा लागतो. म्हणून दावे वाटतात तितके होत नाहीत.

कोणीच दावा केला नाही तर खेळाडू मोकळा, आणि मग जुनाच संघ त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर (फक्त सरावासाठीच्या राखीव तुकडीत) घेतो. तिथे १६ जागा, शिवाय परदेशी खेळाडूसाठी एक वेगळी. तुम्हाला पुन्हा दिसतो तो हाच. तो सामन्यासाठी हंगामात तीनदा वर आणता येतो, एका सामन्याला असे दोघे. दुसरा संघ त्याला पळवू शकतो, पण थेट आपल्या ५३ मध्येच.

पैशातला फरक : २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार वर्षाला ८,४०,००० डॉलर, १८ आठवड्यांत विभागला तर आठवड्याला साधारण ४६,७०० डॉलर. प्रॅक्टिस स्क्वॉडवर नवख्याला आठवड्याला १३,००० डॉलर. आणि कॅम्पमध्ये पगार सुरूच झालेला नसतो, फक्त आठवड्याचा भत्ता. त्रेपन्नावा आणि चौपन्नावा यांच्यातलं अंतर हे असं आहे.

न्यूजर्सीकर :

एक भर. पहिली ५३ ची यादी ही खरी यादी नसते. संघ एखाद्या अनुभवी खेळाडूला आधी सांगून सोडतात, कारण त्याला वेव्हर लागू नाही, कोणी दावा करू शकत नाही. दुसऱ्या दिवशी दुखापतग्रस्त नवख्याला राखीव यादीवर टाकतात आणि अनुभवी परत येतो. हे करण्याचं कारण, पूर्वी अंतिम कपातीआधी राखीव यादीवर टाकलेला खेळाडू अख्खा हंगाम बाद व्हायचा. २०२४ पासून कपातीच्या दिवशी दोघांना परतीच्या सोयीसह ठेवता येतं, त्यामुळे ही कसरत थोडी कमी झाली. शिवाय अनुभवी खेळाडू पहिल्या आठवड्याला यादीत असला की त्याच्या वर्षभराच्या पगाराची हमी लागते, म्हणून काही जणांचा फोन मुद्दाम दुसऱ्या आठवड्यात वाजतो.

मिशिगनकर :

आणि स्पर्धा फक्त आपल्या कॅम्पमधली नसते, हे मालिका कधीच पुरेसं दाखवत नाही. लायन्सच्या पर्वात दुसऱ्या क्वार्टरबॅकसाठी टिम बॉइल आणि डेव्हिड ब्लाव. अटलांटाविरुद्धच्या पहिल्या प्रीसीझन सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत आघाडीवर असताना ब्लावच्या हातून स्नॅप निसटला, अटलांटाने चेंडू घेतला आणि सामना २७-२३ जिंकला. चौथ्या क्वार्टरमध्ये सेंटर आणि क्वार्टरबॅक दोघंही राखीव फळीतले, एकत्र घेतलेले स्नॅप मोजकेच. स्नॅप एक इंच वर किंवा खाली आला आणि क्वार्टरबॅकची नजर आधीच डिफेन्सकडे गेली असली की असं होतं. आपण आठवडाभर वाद घातला, दोघांपैकी कोण. कपातीच्या दिवशी दोघांनाही सोडलं आणि सॅन फ्रान्सिस्कोने मोकळा केलेला नेट सडफेल्ड आणला. एकाच दिवशी ३२ संघांकडून मिळून हजारावर माणसं बाजारात येतात, त्यातल्या प्रत्येकाशी तुमची तुलना होते.

पंटवेडा :

+१. म्हणूनच शेवटच्या प्रीसीझन सामन्याला इतर संघांचे स्काउट (खेळाडू हेरणारे) असतात. तिसऱ्या फळीचा खेळाडू बऱ्याचदा आपल्या कोचसाठी नाही, त्या ३१ जणांसाठी चित्रफीत तयार करत असतो. २०२१ पासून प्रीसीझन सामने चारचे तीन झाले, म्हणजे ती संधी पाव हिश्शाने आटली. त्या बदल्यात दोन संघांचे एकत्रित सराव वाढले. २०२२ मध्ये लायन्स इंडियानापोलिसला गेले ते त्यासाठीच. पण एकत्रित सरावात मुख्य फळीलाच बहुतेक स्नॅप मिळतात, तळाच्या माणसाला त्याचा फायदा नाही.

नवखी_प्रेक्षक :

खोलीत बोलावून 'प्लेबुक घेऊन ये' म्हणतात, म्हणजे संघातून काढतात, ती दृश्यं बघवत नाहीत. ती दाखवावीत का, हा मला प्रश्न पडतो.

चौथा_डाऊन :

दाखवावीत, पण कशी यावर सगळं आहे. २०१२ च्या मायामी पर्वात व्हॉन्टे डेव्हिसला त्याला व्यवहारात दुसऱ्या संघाला दिल्याचं सांगतात आणि तो आजीला फोन करू का म्हणून विचारतो. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही. ते दृश्य कोणालाही लाज वाटावी असं नाही. खेळाडू माणूस म्हणून दिसतो. याउलट माणूस रडतोय आणि लेन्स आणखी जवळ जाते, तिथे मर्यादा ओलांडली जाते. कोचेसच्या खोल्यांतले कॅमेरे भिंतीवरचे, दुसऱ्या खोलीतून चालवलेले असतात, त्यामुळे तिथे माणूस उभा नसतो आणि बोलणं मोकळं होतं. निवड शेवटी संकलनात होते.

न्यूजर्सीकर :

संकलनाचा विषय निघाला म्हणून : दर आठवड्याला शेकडो तासांचं चित्रण आणि हातात जेमतेम तासाभराचा भाग. काम मंगळवारच्या प्रक्षेपणापर्यंत चालू. संघ आधी बघून डावपेच उघड होत असतील तो मजकूर काढायला सांगतो : डावाची नावं, इशारे, फळ्यावरच्या आकृत्या. म्हणून मीटिंगमध्ये फळा बहुधा धूसर आणि बोलणं वाक्याच्या मध्यावर तुटतं. काहींना ते संशयास्पद वाटतं, पण पहिल्या आठवड्याचा प्रतिस्पर्धी हेच भाग थांबवून थांबवून बघणार असतो.

बुधवार_सकाळ :

संघ नाखूश का असतात त्याचं आणखी एक कारण. २०१३ मध्ये लीगने नियम केला : नवा मुख्य कोच नसेल, मागच्या दोन हंगामांत प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठला नसेल आणि दहा वर्षांत मालिकेत येऊन गेला नसेल, तर संघाला नाही म्हणता येत नसे. म्हणजे कॅमेरे वर्षानुवर्षं अडचणीतल्या संघाकडेच. मग '२०१६ चे रॅम्स ४-१२ (चार जिंकले, बारा हरले), कोच जेफ फिशर गेला', '२०२४ चे बेअर्स ५-१२, एबरफ्लूस गेला' अशा यादीतून मालिकेचा शाप तयार होतो. ज्या संघाचा कोच आधीच धोक्यात आहे तोच निवडला, तर त्याची नोकरी जाण्याची शक्यता जास्तच ना. २०१० चे जेट्स ११-५ करून कॉन्फरन्स अंतिम फेरीत गेले, लायन्स १-६ वरून ९-८ ला पोचले. २०२३ मध्ये जेट्सचा क्वार्टरबॅक एरन रॉजर्सची टाचेमागची शीर (अकिलीस) हंगामाच्या चौथ्या स्नॅपला तुटली, त्यात कॅमेऱ्याचा काय संबंध?

मिशिगनकर :

शापाबद्दल सहमत. पण मालिकेच्या ऑफसीझनच्या (दोन हंगामांमधल्या काळातल्या) आवृत्तीने खरंच नुकसान केलं असं वाटतं. २०२४ मध्ये जायंट्सच्या कार्यालयात रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला सोडायचं की ठेवायचं ही चर्चा जशीच्या तशी दाखवली. मालक जॉन मारा म्हणतात, तो फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण. तो फिलाडेल्फियालाच गेला, २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. पुढच्या वर्षी ती आवृत्ती झालीच नाही. कॅम्पमधली चूक पंधरा दिवसांत विसरली जाते. कार्यालयातला निर्णय वर्षभर पुन्हा पुन्हा दाखवला जातो.

उजवा_टॅकल :

तरी माझं मत, ती आवृत्ती सगळ्यात शिकवणारी होती. पगाराच्या मर्यादेत रनिंग बॅकला किती द्यायचं, हा हिशेब मोठ्या आवाजात करताना एरवी कोण ऐकू देतं? बंद पडायला नको होती.

नवखी_प्रेक्षक :

शेवटचं विचारते. कपातीच्या दिवशी भारतातून कशावर लक्ष ठेवायचं? मालिकेचा शेवटचा भाग तर नंतर येतो, तोवर नावं सगळीकडे फुटलेली असतात.

बुधवार_सकाळ :

हो, शेवटचा भाग कपातीनंतर साधारण आठवड्याने येतो, त्यामुळे 'कोण राहिलं' हे रहस्य उरत नाही. त्याचा फायदा करून घ्या. २०२३ पासून ९० वरून ५३ अशी एकच कपात आहे, मधले टप्पे नाहीत. मुदत मंगळवारी पूर्व किनाऱ्याची दुपारी चारची, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे दीड. वेव्हरची मुदत बुधवारी आपल्या रात्री साडेनऊची. प्रॅक्टिस स्क्वॉडची नावं त्यानंतर येऊ लागतात. बुधवारी सकाळी संघाच्या संकेतस्थळावरची ५३ ची यादी उतरवून घ्या, गुरुवारी सकाळी पुन्हा उघडा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. जे तीन-चार जण बदललेले असतील ते का बदलले, हे वर न्यूजर्सीकरांनी सांगितलंय. मग शेवटचा भाग बघा : ज्याला सोडलं त्याच्या प्रीसीझनमधल्या किकऑफ आणि पंटच्या धावा आधी बघितलेल्या असतील, तर खोलीत कोच काय बोलणार याचा अंदाज येईल. पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला लागणारा भाग आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेसहाचा.

पंटवेडा :

आणि यादीत लाँग स्नॅपरच्या रकान्यात एकच नाव आहे ना ते तपासा. कॅम्पला दोन आणलेले असतील तर ती स्पर्धा पडद्यावर जवळपास येतच नाही, निकाल फक्त त्या यादीतच मिळतो.